गेम स्टोअर पुन्हा पुन्हा वय का विचारतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टीम, एपिक, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या स्टोअरवर मोठ्यांसाठीच्या गेमचं पान उघडलं की आधी जन्मतारीख द्यावी लागते. दुसऱ्या गेमला पुन्हा तेच, आठवड्यानं परत तेच. हे का होतं, त्रास कमी कसा करायचा, कुठे खरी माहिती द्यायची आणि कुठे अजिबात द्यायची नाही, याबद्दल खेळणारे आणि त्यांचे आईवडील जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बरीचशी स्टीमची आहेत, कारण पीसीवर खेळणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांचा संबंध त्याच्याशी येतो.

लॉगिन केलेलं असतानाही स्टीम जन्मतारीख का विचारतं? खातं तर माझंच आहे ना?

खातं तुमचं असलं तरी तुमचं वय त्या खात्याला ठाऊक नसतं. स्टीमवर खातं उघडताना तुम्ही किमान १३ वर्षांचे आहात एवढंच मान्य करून घेतात, पूर्ण जन्मतारीख प्रोफाइलमध्ये भरून घेत नाहीत. त्यामुळे १७ किंवा १८ वर्षांवरच्यांसाठीचा गेम उघडला की वेगळं विचारावं लागतं. तुम्ही दिलेलं उत्तर तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी म्हणून लिहून ठेवलं जातं. कुकी म्हणजे साइटनं तुमच्या मशीनवर ठेवलेली छोटी नोंद. ती आहे तोवर प्रश्न येत नाही, ती गेली की परत येतो. या पानावरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ एवढंच आहे.

मग एकदाच विचारून खात्यात कायमचं का लिहून ठेवत नाहीत?

तंत्रज्ञानाच्या दृष्टीनं त्यात काहीच अवघड नाही. अडचण कायद्याची आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला आणि २००० च्या एप्रिलपासून लागू झाला. 'कोप्पा' या नावानं तो ओळखला जातो. समोरचा वापरकर्ता १३ वर्षांखालचा आहे हे कंपनीला प्रत्यक्ष माहीत झालं, की आईवडिलांची संमती घेतल्याशिवाय त्याची माहिती गोळा करता येत नाही. जन्मतारखा जमवल्या की ही माहिती आपोआप हातात येते आणि तिच्याबरोबर जबाबदारीही. ती किती महाग पडू शकते हे २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिसलं. एपिक गेम्सनं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर ५२ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातले साडेसत्तावीस कोटी केवळ या कायद्याच्या उल्लंघनाच्या आरोपापोटी होते.

म्हणून सर्वसाधारण दुकानं एक मधला मार्ग धरतात: पानाच्या दारात वय विचारायचं, उत्तर तिथेच वापरायचं आणि खात्यात साठवायचं नाही. तुमची जन्मतारीख कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहत नाही, हा यातला तुमचा फायदा. तो खराच फायदा आहे, चिडताना विसरू नये.

कधी तारीख विचारतात, तर कधी नुसतं 'पान पाहा' असं बटण येतं. हे वेगळं आहे का?

हो, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. तारखेचा प्रश्न वयाचा आहे. बटणाचं पान आशयाचा इशारा देतं: या गेममध्ये रक्तपात आहे, नग्नता आहे, पुढे जायचं का? २०१८ मध्ये स्टीमनं जवळजवळ सगळ्या प्रकारच्या गेमना दार उघडलं आणि त्याच वर्षी आशय गाळण्याच्या सोयी वाढवल्या. खात्याच्या 'स्टोअर प्रेफरन्सेस' पानावर हिंसा, काही प्रमाणात नग्नता, निव्वळ प्रौढांसाठीचा लैंगिक आशय अशा स्वतंत्र खुणा आहेत. तिथली निवड खात्यात जतन होते. त्यामुळे आशयाचा इशारा कमी करायचा तर तिथे जा. तारखेचा प्रश्न मात्र त्यानं नेहमी थांबेलच असं नाही, कारण तो वेगळ्या कुकीवर चालतो.

मी काल उत्तर दिलं, आज परत विचारलं. नक्की बिघडलं कुठे?

बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं, नोंद पुसली गेलेली असते. ती कुठे पुसली जाते ते एकेक करून बघा.

पहिला संशयित खासगी विंडो. इनकॉग्निटोमध्ये स्टोअर उघडलं असेल तर विंडो बंद होताच कुकी जाते. दुसरा संशयित ब्राउझरची 'बंद करताना कुकी पुसा' ही सेटिंग किंवा मशीन 'साफ' करणारं एखादं ॲप. अशी ॲप अनेकांच्या लॅपटॉपवर दुकानदारानंच टाकून दिलेली असतात आणि ती रोज गुपचूप कुकी उडवतात. सेटिंगमध्ये जाऊन स्टोअरच्या पत्त्यापुरता अपवाद जोडला की प्रश्न सुटतो. सगळ्या साइटसाठी कुकी मोकळ्या सोडायची गरज नाही.

आयफोन किंवा मॅकवर सफारी वापरत असाल तर तिसरं कारण आहे. पानावरच्या स्क्रिप्टनं लिहिलेल्या कुकीचं आयुष्य सफारी २०१९ पासून सात दिवसांवर आणून ठेवतं. जाहिरातदारांनी तुमचा माग काढू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे, पण वयाच्या निरुपद्रवी नोंदीलाही तिचा फटका बसतो. 'बरोबर आठवड्यानं परत विचारतं' अशी तक्रार असेल तर बहुधा हेच.

आणि चौथं, जे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: स्टीमच्या डेस्कटॉप ॲपमध्ये स्वतःचा एक ब्राउझर आहे. क्रोममध्ये दिलेलं उत्तर त्याला कळत नाही, आणि त्याला दिलेलं उत्तर फोनवरच्या ॲपला कळत नाही. तीन ठिकाणी बघाल तर तीन ठिकाणी सांगावं लागेल.

हा प्रश्न आपोआप भरून टाकणारी ब्राउझर एक्स्टेन्शनही मिळतात. चालतात. पण एक्स्टेन्शनला तुम्ही त्या साइटवरचं सगळं वाचायची परवानगी देत असता, आणि त्या साइटवर तुमचं वॉलेट आहे, विकत घेतलेली लायब्ररी आहे. नावाजलेलं, बराच काळ टिकलेलं एक्स्टेन्शन असेल तरच घ्या. दोन क्लिक वाचवण्यासाठी अनोळखी माणसाला किल्ली देऊ नका.

घाईत चुकीचं वर्ष निवडलं गेलं. आता मागे जाऊन बरोबर तारीख टाकली तरी पान उघडत नाही.

हे मुद्दाम केलेलं असतं. लहान वय टाकल्यावर नकार मिळाला, की मूल लगेच मागे जाऊन मोठं वय टाकतं. ते रोखण्यासाठी पहिलं उत्तर कुकीत धरून ठेवा, असा सल्ला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननंच वय विचारणाऱ्या साइटना दिलेला आहे. प्रश्न तटस्थ असावा, 'तुम्ही १८ चे आहात ना?' असं उत्तर सुचवणारा नसावा, हाही त्याच सल्ल्याचा भाग. तुम्ही खरोखर प्रौढ असाल तर त्या साइटपुरत्या कुकी पुसा आणि पुन्हा लॉगिन करा. सगळा ब्राउझर रिकामा करायची गरज नाही.

गेमिंग कॅफेत दर वेळी विचारतं. तिथे काही करता येईल?

तुमच्या बाजूनं नाही. बऱ्याच कॅफेंत मशीन रीस्टार्ट झालं की मूळ स्थितीत परत जातं, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचं काहीच मागे उरत नाही. तुमचं लॉगिनही उरत नाही, आणि कॅफेत हेच हवं. तारीख टाका, खेळा, जाताना लॉगआउट करा.

१ जानेवारी आणि मनाला येईल ते वर्ष टाकलं तर तो गुन्हा आहे का?

बहुतेक लोक तेच करतात, कारण यादीत १ जानेवारी आधीच निवडलेली असते आणि फक्त वर्ष मागे सरकवलं की काम होतं. प्रौढ माणसानं स्वतःची नेमकी तारीख न देता प्रौढ असल्याचं सांगितलं, तर त्यात कुणाची फसवणूक होत नाही. साइटला जे हवं आहे ते खरंच आहे. नेमकी जन्मतारीख ही बँकेपासून पॅन कार्डापर्यंत सगळीकडे ओळख पटवायला लागणारी माहिती आहे. केवळ ट्रेलर बघायला ती जिथे तिथे न टाकणं मला शहाणपणाचं वाटतं.

खात्याच्या नोंदणीत विचारलेली जन्मतारीख मात्र वेगळी. प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो ही खातं उघडतानाच तारीख घेतात आणि त्यावरून खातं मुलाचं की मोठ्याचं हे ठरवतात. तिथे खरीच द्या. पुढे खातं हॅक झालं, परत मिळवायचं झालं, तर तीच तारीख विचारली जाऊ शकते, आणि मनानं टाकलेली तारीख पाच वर्षांनी आठवत नाही.

मग या तारखेच्या प्रश्नाचा उपयोग तरी काय?

मुलांना थांबवायला जवळजवळ नाही. सातवीतला कोणताही मुलगा २००० साल निवडू शकतो. उपयोग कंपनीला आहे: 'आम्ही विचारलं होतं' अशी नोंद राहते. अमेरिकेत तर मुलांना हिंसक गेम विकू नये असा कायदाच टिकलेला नाही. कॅलिफोर्नियानं केलेला तसा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. तिथे जे चालतं ते उद्योगानं स्वतःवर घातलेल्या नियमांनी. मोठ्यांसाठीच्या गेमच्या ट्रेलरआधी वय विचारायचं, हे ईएसआरबी या मानांकन संस्थेच्या जाहिरात नियमांमधून आलेलं आहे.

प्रौढ माणसाला शंभरदा विचारायचं आणि मुलाला एकदाही अडवायचं नाही, ही रचना चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. वाईट याचं वाटतं की तिच्यामुळे आईवडील निश्चिंत होतात. 'स्टोअर वय विचारतं, म्हणजे बघणारं कुणीतरी आहे' असा समज होतो. तिथे बघणारं कुणी नसतं.

१७+, १८+, १६+ हे आकडे ठरवतं कोण? भारताचं काही मानांकन आहे का?

अमेरिकेत ईएसआरबी, १९९४ पासून. तिथे 'एम' म्हणजे १७ आणि त्यावरचे. युरोपात पेगी, २००३ पासून, ३, ७, १२, १६ आणि १८ असे पाच टप्पे. जर्मनीचं वेगळं यूएसके, जपानचं सेरो. फोनवरच्या आणि निव्वळ डिजिटल गेमसाठी आयएआरसी नावाची सामाईक व्यवस्था आहे: गेम करणारा एक प्रश्नावली भरतो आणि प्रत्येक देशाच्या पद्धतीचं मानांकन त्यातून निघतं.

चित्रपटाला जसं सेन्सॉर बोर्ड आहे तशी गेमना मानांकन देणारी सरकारी संस्था भारतात नाही. त्यामुळे आपल्याला स्टोअरवर दिसतात ती परदेशी किंवा सामाईक मानांकनं. त्यातून गोंधळ होतो. एकच गेम एका ठिकाणी १६+ तर दुसरीकडे १७+ दिसतो. आकड्याशेजारी कारण लिहिलेलं असतं: हिंसा, शिवीगाळ, जुगार, गेममधली खरेदी. आकड्यापेक्षा ते कारण वाचा, निर्णय घ्यायला त्याची जास्त मदत होते.

मी शिकायला लंडनला आलोय, वय २३. इथे स्टीम तारीख विचारतच नाही, थेट क्रेडिट कार्ड मागतं. माझ्याकडे डेबिट कार्डच आहे. काय करू?

पुण्या-मुंबईहून ब्रिटनमध्ये गेलेल्या विद्यार्थ्यांना ही अडचण खरोखर येते, म्हणून जरा सविस्तर.

ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टमधली वयपडताळणीची तरतूद २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. तारीख विचारून भागत नाही, पडताळणी 'अत्यंत परिणामकारक' हवी, असं तिथली नियामक संस्था ऑफकॉम म्हणते. नियम मोडला तर १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरातल्या उत्पन्नाच्या १० टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. यावर स्टीमनं ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस असा मार्ग काढला: ब्रिटनमधल्या खात्यात वैध क्रेडिट कार्ड जतन असेल तर ते खातं प्रौढाचं मानायचं. तिथे १८ वर्षांखाली क्रेडिट कार्ड मिळत नाही. डेबिट कार्ड लहान मुलांनाही मिळतं, म्हणून ते चालत नाही.

या पद्धतीचं एक कौतुक करायला हवं. चेहरा नको, पासपोर्ट नको, खरेदीसाठी लोक एरवीही देतात तेवढीच माहिती लागते. पण नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याकडे तिथला पतइतिहास नसतो आणि त्यामुळे क्रेडिट कार्ड सहज मिळत नाही. तो २३ वर्षांचा असूनही अल्पवयीन ठरतो. यावर जादूचा उपाय नाही. नवख्यांसाठीची, कमी मर्यादेची क्रेडिट कार्डं काही बँका देतात, त्याची चौकशी करा. वेळेवर फेडलंत तर पुढे घर भाड्यानं घेतानाही तो इतिहास कामाला येईल. पण फक्त गेमसाठी कर्जाचं साधन घेऊ नका, आणि मित्राचं कार्ड स्वतःच्या खात्यात जतन करू नका.

कार्ड घातल्यावरही पुन्हा विचारलं, तर ते खात्यातून निघालंय का, मुदत संपलीय का, ते पाहा. पडताळणी कार्ड खात्यात असेपर्यंतच टिकते.

व्हीपीएन लावून भारतात असल्याचं दाखवलं तर?

करू नका. राहण्याचं ठिकाण लपवण्यासाठी व्हीपीएन वापरणं स्टीमच्या करारात स्पष्टपणे निषिद्ध आहे. खात्यावर निर्बंध आला तर वर्षानुवर्षांची लायब्ररी अडकते. खरोखर देश बदलला असेल तर खात्याचा देश तिथल्या पैसे भरण्याच्या साधनानं बदलता येतो, पण तीन महिन्यांतून एकदाच.

इतर देशांत काय आहे?

जर्मनीत १५ नोव्हेंबर २०२४ पासून वयाचं मानांकन नसलेले गेम स्टीमवर दिसत नाहीत, त्यामुळे म्युनिकच्या मित्राला तुमची लिंक उघडत नसेल तर त्याचं इंटरनेट ठीक आहे. ऑस्ट्रेलियानं सप्टेंबर २०२४ पासून जुगाराची नक्कल असलेल्या नव्या गेमना थेट १८+ केलं. चीन सगळ्यांत कडक: २०२१ पासून अल्पवयीनांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री ८ ते ९ एवढाच ऑनलाइन खेळ. खातं खऱ्या नावाला जोडलेलं असतं आणि काही गेममध्ये मध्येच चेहराही तपासतात.

चेहरा स्कॅन करा किंवा ओळखपत्र टाका असं म्हणाले तर टाकावं का?

दोन्ही एका पारड्यात टाकू नका. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधणारं तंत्र तुम्ही कोण आहात हे शोधत नाही, फक्त 'साधारण किती वर्षांचे' ते सांगतं. त्याच्या मर्यादा उघड आहेत. १७ आणि १९ मधला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतो, आणि ब्रिटनमध्ये नियम लागू झाल्यावर काही दिवसांतच लोकांनी गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून तपासणी चुकवून दाखवली. तरी रोब्लॉक्स या मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या ऑनलाइन गेमनं चॅटसाठी हीच पद्धत आणली, आधी काही देशांत आणि २०२६ च्या जानेवारीपासून इतरत्रही. म्हणजे आपल्या घरातल्या मुलांपर्यंतही ती येतेच आहे.

ओळखपत्राचा धोका मोठा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या खेळणाऱ्यांच्या चॅट ॲपनं जाहीर केलं की ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीवर हल्ला झाला आणि सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. वयाबाबतच्या अपिलासाठी लोकांनी ते पाठवले होते. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख आणि चेहरा बदलता येत नाही.

म्हणून माझा क्रम असा: कार्ड चालत असेल तर कार्ड, नाहीतर चेहऱ्याचा अंदाज, आणि ओळखपत्र अगदी शेवटी. तेही द्यायचं झालं तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, पूर्ण क्रमांकाचं नको. एखादा गेम न खेळणं हाही पर्याय आहे, आणि अनोळखी साइटबाबत तोच बरा.

भारतातही हे येणार का?

येणार, पण वेगळ्या दारानं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलाची माहिती वापरण्याआधी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढणं किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना मनाई. हे कर्तव्य चुकवलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना अठरा महिने दिले आहेत, म्हणजे २०२७ च्या मध्याच्या सुमारास ते प्रत्यक्षात जाणवेल.

हा कायदा गेममधल्या हिंसेबद्दल काही म्हणत नाही. तो माहितीबद्दल आहे. म्हणजे प्रश्न केवळ मोठ्यांच्या गेमच्या पानावर येणार नाही. लुडोसारख्या साध्या खेळाचं खातं उघडतानाही पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईची संमती लागू शकते. आजवर १३ ही रेषा धरून बांधलेल्या व्यवस्थांना भारतात १८ ची रेषा पाळावी लागेल.

आशा वाटावी अशी एक तरतूद नियमांत आहे. पालकाचं वय आणि ओळख पटवायला डिजिलॉकरसारख्या सेवेतून मिळालेलं टोकन चालेल, म्हणजे कागद गेम कंपनीच्या हातात न जाताही काम होऊ शकतं. युरोपीय आयोगानंही जुलै २०२५ मध्ये अशाच एका ॲपचा आराखडा मांडला: 'ही व्यक्ती १८ वरची आहे' एवढंच साइटला कळवायचं, नाव नाही, तारीख नाही. एकदा सिद्ध करा, सगळीकडे चालवा, आणि कुणालाच काही साठवायला लागू नये. वारंवार येणाऱ्या प्रश्नावरचा खरा इलाज मला हाच दिसतो. तो नीट बांधला जावा यासाठी खेळणाऱ्यांनीही आवाज उठवला पाहिजे.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. स्टोअरवरून गेम विकत घेऊन खेळणं त्यात येत नाही.

माझा मुलगा नववीत आहे. स्टोअरच्या वयाच्या प्रश्नावर भरवसा नाही ठेवायचा, तर मी काय करू?

खात्यातच हद्द घाला. तिथे मुलाला मनाचं वर्ष निवडता येत नाही.

स्टीमवर सप्टेंबर २०२४ पासून 'स्टीम फॅमिलीज' सगळ्यांसाठी आहे. एका घरातले सहा जणांपर्यंत एकत्र येतात. पालक म्हणून तुम्ही मुलाला कोणते गेम दिसावेत ते ठरवू शकता, स्टोअर आणि चॅट बंद ठेवू शकता, दिवसाचा वेळ ठरवू शकता. मुलाला गेम हवा असेल तर तो विनंती पाठवतो, तुम्ही मान्य करून पैसे भरता. घरातला एकमेव लॅपटॉप सगळे वापरत असतील तर विंडोजमध्ये मुलाचा वेगळा यूजर करा, नाहीतर तुमच्या लॉगिनमधून सगळं उघडं राहील. एक्सबॉक्सला मायक्रोसॉफ्टचा फॅमिली ग्रुप आहे, प्लेस्टेशनला फॅमिली मॅनेजमेंट, निन्टेन्डो स्विचला फोनवरचं पालकांचं ॲप, अँड्रॉइडला फॅमिली लिंक.

पैशाची वाटही बघा. तुमचं कार्ड किंवा यूपीआय त्याच्या खात्याला जोडून ठेवू नका, वॉलेटमध्ये ठरावीक रक्कम टाका.

आणि एकदा शेजारी बसून खेळ पाहा. नववीतल्या मुलाला 'हे का नको' हे सांगता येतं, आणि तो ऐकतोही, जर सांगणाऱ्यानं गेम पाहिलेला असेल. आशयाचं वर्णन वाचून बंदी घातलेल्या कितीतरी गेममध्ये काळजीचं खरं कारण रक्तपात नसून अनोळखी लोकांशी चालणारं व्हॉइस चॅट असतं. ते वयाच्या कुठल्याच आकड्यात नीट दिसत नाही.

मुलाच्या खात्यात त्याची खरी जन्मतारीख टाकली तर निम्म्या सोयी बंद होतात. वाढवून टाकू का?

नको. ज्या सोयी बंद होतात त्यात अनोळखी लोकांचे मेसेज आणि त्याला उद्देशून केलेल्या जाहिराती असतात. एपिकनं डिसेंबर २०२२ मध्ये लहान मुलांसाठी अशी मर्यादित खाती सुरू केली, पालकांनी परवानगी दिली की एकेक सोय उघडते. वय वाढवून टाकलं तर कायद्यानं मुलाला दिलेलं संरक्षण आपणच काढून घेतो.

'तुमचं वय पडताळा, नाहीतर खातं बंद होईल' असा मेसेज आलाय. खरा आहे का?

लिंक दाबू नका. मेसेज मित्राच्या नावानं आला असला तरी त्याचंच खातं चोरीला गेलेलं असू शकतं. स्टोअरचं ॲप स्वतः उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा, खरी सूचना असेल तर ती तिथेही दिसेल. गेमच्या पानावरचा वयाचा प्रश्न पुन्हा पासवर्ड मागत नाही, ओटीपी मागत नाही, लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा स्टीम गार्डचा कोड तर नाहीच. यातलं काही मागितलं तर ते पान बनावट समजा.

माहिती आधीच भरली असेल तर वेळ घालवू नका. पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, स्टीम गार्ड सुरू आहे ना ते पाहा. कार्ड दिलं असेल तर बँकेला सांगून ते बंद करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यातच रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.